लाल टू-सीटरचा आठ

मुलुंड पूर्व
५ जानेवारी २०२५

नंदू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालशील, याची मला पूर्ण कल्पना आहे. शेवंतीवहिनींना विनंती, की आधी वाचावं आणि मग घालावं. बावीस वर्षांत मी तुझ्या गावी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहिनींनीच उचलला आणि "तेंका बोलूचा नाय" एवढं सांगून ठेवला. तिसऱ्या वेळी ठेवण्याआधी "जेवलात काय, भावजी?" असं विचारलं. मला उगाच बरं वाटलं. तसं त्या वीजबिल घेऊन येणाऱ्यालाही विचारत असतील.

माफीबिफी मागायला लिहीत नाही. तेव्हा जे दिसलं ते लिहिलं, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. आता त्यात शिरायची माझ्यात ताकद नाही. अडुसष्टावं लागलंय, तुलाही लागलंच असेल, शाळेत एकाच बाकावर होतो.

काम असं आहे, की लाल टू-सीटर विकायला निघाली आहे. तीच, मढच्या चंद्रप्रकाश शेठची. एकसष्ट सालची विलायती गाडी, कापडी टप, दोन माणसं बसली की सामान मांडीवर. शेठ गेले. बंगला आता मालिकांच्या शूटिंगला भाड्याने देतात. मुलगा चैतन्य एकेक वस्तू काढतोय, त्यात ही गाडी आली.

आणि घेणारा कोण, तर आमचा मिहिर. गंधालीचा नवरा. पन्नाशीत माणसाने गुडघ्यांचा डॉक्टर शोधावा, तर याला जमिनीला पोट लावून पळणारी गाडी हवी. मला म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त एकदा बघून द्या. तुम्ही हो म्हणालात की मी डोळे मिटून घेतो." जावयाला नाही म्हणायची सोय नसते. शिवाय मी तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या बघितल्या, आता रिटायर होऊनही दर रविवारी कोणी ना कोणी हौशी पोरगा "काका, जरा जुनी गाडी बघून द्या ना" म्हणत येतो. माझी बढाई तुला माहीतच आहे. पण त्यातलं मला जे काही येतं ते भांडुपला तुझ्या गॅरेजात स्टुलावर बसून शिकलेलं आहे, हे त्या पोरांना कधी सांगितलं नाही.

तर त्या गाडीत काय काय बघू, तेवढं लिहून पाठव. पोस्टकार्ड पुरे.

मधुकर


मुलुंड पूर्व
१३ जानेवारी २०२५

नंदू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. नीला म्हणते, "अहो, आजकाल कोणी पत्र लिहितं का? फोन करा." मी म्हटलं, फोन ठेवता येतो.

काल मिहिरबरोबर वर्सोव्याहून होडीने मढला गेलो. तू सांगितलं नाहीस, म्हणून तुझं जुनंच सगळं आठवून आठवून केलं. बॉनेटवर आधी तळहात ठेवला. गरम लागलं. म्हटलं, चैतन्य, आम्ही यायच्या आधी इंजिन चालवून ठेवलंस ना? तो हसला. थंड इंजिन कसं उठतं आणि पहिला धूर कुठल्या रंगाचा निघतो ते बघायचं असतं, हे मी मिहिरला मोठ्या आवाजात समजावलं आणि दोन तास आंब्याखाली बसून राहिलो. थंड झाल्यावर चालू केलं तर निळा धूर आला, थोडा, मग थांबला. चालेल असा.

दरवाजा अर्धा उघडून वर उचलून बघितला. बिजागरीत बोटभर खेळ आहे. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या अंगावर फिरवलं. डाव्या मागच्या चाकावर ते गळून पडलं, म्हणजे पत्रा कमी आणि खड्डे बुजवायची लांबी जास्त. तुझं काम नाही ते, तू एवढी लांबी भरत नव्हतास. गालिचा उचलून नाक लावलं. ओल्या गोणपाटासारखा वास आला. मिहिर मात्र सगळा वेळ आरशात स्वतःला बघत होता. रंग झकास आहे, असं त्याने पाच वेळा सांगितलं. तू म्हणायचास, रंग शेवटी बघायचा, आधी जमिनीला पाठ टेकायची. ते त्याला सांगितलं नाही.

मग चेसिस नंबर. पूर्वी आरटीओत करायचो तसा कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. तो कागद सोबत ठेवतो आहे. दुमडलाय, पण वाचता येतो.

बघ त्यातले दोन आठ. कमरेला जाड आहेत. लोखंडी ठशाने तीन ठोकायचा, मग तोच पंच उलटा फिरवून त्याच जागी पुन्हा तीन ठोकायचा, की आठ होतो. असा आठ पूर्ण मुंबईत एकच माणूस ठोकत होता, कारण त्याच्या डब्यात आठाचा पंच नव्हता. आणि का नव्हता? तर आमच्या सोसायटीच्या गणपतीत सगळ्यांची ताटं एकमेकांत मिसळतात, म्हणून आमच्या स्टीलच्या ताटांवर फ्लॅटचा नंबर घालायला मी तो तुझ्याकडून दोन दिवसांसाठी नेला. फ्लॅट नंबर आठ. ताटं अजून आहेत. पंच कुठे गेला माहीत नाही. तू दर शनिवारी आठवण करायचास, मी दर शनिवारी विसरायचो, आणि शेवटी तू तिनाचे आठ करायला शिकलास.

मी दुसरा कागद ठेवून पुन्हा पेन्सिल घासली. आठ तसेच आले.

गाडीच्या फाइलीत माझा तेव्हाचा रिपोर्टही सापडला. "चेसिस नंबर डुप्लिकेट." खाली माझी सही, किती ऐटीत केलेली. मिहिर खूष झाला. म्हणाला, "बाबा, हा कागद असला की चैतन्य भाव खाली आणणार."

मधुकर


मुलुंड पूर्व
२६ जानेवारी २०२५

नंदू,

आज सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली. मी मध्येच उठून घरी आलो. तो कागद पाठवून तेरा दिवस झाले. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, की जे दिसलं ते लिहिलं. ते खोटं आहे. मी बघितलंच नव्हतं.

आता क्रमाने सांगतो, कारण हे मी आजवर कुणालाही, नीलालाही, सांगितलेलं नाही.

ते डिसेंबर २००२. शेठने गाडी विकायला काढली होती. "अस्सल आहे, एक तुकडा बदललेला नाही" असं गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला नंबर विचित्र वाटला, म्हणून शेठने मला बोलावलं. तो दिवस गंधालीच्या साखरपुड्याचा. सकाळी साडेदहाला मढ, बाराच्या आत परत मुलुंड, असा माझा हिशेब. अंगात शिवून आणलेला सफारी, फिकट पिस्त्याच्या रंगाचा, तुला आठवेल. तू त्याला हसला होतास.

मी बॉनेट उघडून वरून टॉर्च मारला. तुझे आठ दिसले. कारखान्याचे नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल. "डुप्लिकेट" असं लिहिलं, सही केली, निघालो. खाली झोपलो नाही. सफारी मळला असता. एवढंच कारण आहे, नंदू. मी बावीस वर्षं शोधतोय, याच्याहून मोठं कारण सापडत नाही.

संध्याकाळी तू आणि वहिनी आलात. तू पंगतीत मठ्ठा वाढत होतास. माझ्या पुढ्यात येऊन म्हणालास, "सासरेबुवा, वाटी पुढे करा." मी केली. सकाळचं काही बोललो नाही.

मग शेठने माझा रिपोर्ट घेऊन पोलिसात तक्रार केली, की मेकॅनिकने अस्सल चेसिस बदलून विकली. तू चौकीत सांगितलंस तसं, खरं काय ते त्याला पुरतं माहीत होतं. मढच्या खाऱ्या हवेने सडलेला चेसिसचा तुकडा तूच दोन वर्षांपूर्वी बदलला होतास, आरटीओची परवानगी काढून, इन्स्पेक्टर समोर उभा असताना नंबर ठोकला होतास. पण हे कबूल केलं असतं तर गाडी "अस्सल" राहिली नसती. परवानगीचा कागद त्याच्याच फाइलीत आहे असं तू म्हणालास, तो म्हणाला असा कागदच नाही. आणि तू जन्मात कधी कागदाची कॉपी ठेवली नाहीस.

फौजदाराने मला विचारलं, असला आठ कोण ठोकतो? मी लगेच म्हणालो, नंदू. जसं काही शाळेत गुरुजींनी विचारलं आणि मला उत्तर येत होतं.

तू सांगितलंस, की तुकड्याच्या खालच्या अंगाला पत्र्याची पट्टी रिव्हेट केली आहे, तिच्यावर परवानगीचा नंबर आणि तारीख आहे. फौजदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मी खाली झोपून बघितलंय, पट्टी नाही. बघितलं नाही, असं सर्व्हेअरने म्हणायचं कसं?

दोन दिवस चौकीत बसवून तुला सोडलं, केस काही उभी राहिली नाही. पण तोवर भांडुपची सगळी गॅरेज लाइन तुला डुप्लिकेट म्हणायला लागली होती. डुप्लिकेट नंदू. तो शब्द माझा. गाव सोडून जायच्या आदल्या दिवशी, नाही, गावाला जायच्या आदल्या दिवशी, तू माझ्या दारात आलास. आत आला नाहीस. एवढंच विचारलंस, "मध्या, तू खरंच खाली झोपून बघितलंस?"

मी हो म्हणालो.

म्हणून ही माफी. उशिरा आणि अर्धवट, कारण पट्टी खरंच आहे की नाही हे मला आजही माहीत नाही. ती नसली तरी माझं खोटं खोटंच राहतं. पुढच्या रविवारी जमेल असं नाही, त्याच्या पुढच्या रविवारी जातो.

मधुकर


मुलुंड पूर्व
१० फेब्रुवारी २०२५

नंदू,

पट्टी आहे.

काल गेलो. जुना लेंगा घातला होता. चैतन्यने जॅक लावून गाडीचं नाक उचललं आणि मी जमिनीला पाठ टेकली. वरून सगळं डांबर मारलेलं. ताजं डांबर दिसलं की काहीतरी लपवलंय असं समजायचं, हे तुझंच. नेहमी गंज लपवलेला असतो. मी चैतन्यकडून जेवणाचा चमचा मागून घेतला आणि खरवडत बसलो. डोळ्यांत कपचे पडत होते. अर्ध्या तासाने एका रिव्हेटचं डोकं दिसलं, मग दुसरं. मग पट्टी. पान खायच्या डब्याच्या झाकणाएवढी. परवानगीचा नंबर, तारीख सात नोव्हेंबर दोन हजार, आणि कोपऱ्यात बारीक नं. धों. मे. त्यातल्या नंबरातही एक आठ आहे, तसाच, कमरेला जाड.

डांबर कोणी मारलं ते मला माहीत नाही आणि मेलेल्या माणसावर मी आता काही ढकलणार नाही. त्या दिवशी डांबर नव्हतं. झोपलो असतो तर एका मिनिटात दिसली असती.

मला उठता येईना. पाठ धरली म्हणून नव्हे. चैतन्य आणि मिहिरने दोन्ही हात धरून ओढून काढलं. मिहिरला वाटलं हार्टचं काही आहे. मी बंगल्याच्या पायरीवर बसून त्या दोघांना सगळं सांगितलं. चैतन्य उठून गेला आणि पाणी घेऊन आला.

परत येताना होडीत मिहिर म्हणाला, "बाबा, झालं ते वाईटच झालं. पण जुना रिपोर्ट आहे तसा राहू दे ना. तुम्ही नवीन लिहिलात की नंबर कायदेशीर ठरतो आणि गाडी माझ्या आवाक्यातून जाते. बावीस वर्षांनी आता कुणाला काय फरक पडणार आहे?" वाईट माणूस नाही तो. हौस आहे त्याची. गंधालीने घरी विचारलं, "नंदूकाका म्हणजे माझ्या साखरपुड्यात मठ्ठा वाढत होते तेच ना? ते नंतर कधी आलेच नाहीत." नीला स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही. जेवायला मात्र वाढलं.

रिपोर्ट लिहायला बसलोय. तीन वेळा कागद टरकावला. मला भीती वाटते, रे. हे रविवारचे "काका, काका" करणारे सगळे मला काय म्हणतील याची. या वयात एवढंच उरलंय माझ्याकडे. तुझ्याकडे तेव्हा गॅरेज होतं, नाव होतं, दहा वर्षांची पोर होती, हे मला कळतं. कळूनही भीती वाटते, म्हणून सांगितलं.

मधुकर


कणकवली
१९ फेब्रुवारी

मध्या,

चारही पत्रं पोचली. पहिलं चुलीत घातलं. दुसऱ्यापासून शेवंतीन वाचून दाखवली. तिसऱ्याला ती मध्येच उठून गेली, पुढचं मी वाचलं.

तू सगळं बघितलंस आणि बॅटरी उचलली नाहीस. ती त्या गाडीत सीटच्या मागे खालती बसते. तिचं पाणी सांडून सांडून खालचा पत्रा खातं. मी तेव्हा नवीन घातलेला, पण त्याला आता चोवीस वर्षं झाली, चाळण झाली असणार. ती उचलल्याशिवाय जावयाला गाडी घेऊ देऊ नको. डाव्या चाकावरची लांबी माझी नाय, बरोबर ओळखलंस.

आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली गेलास? अक्कल खंय ठेवलंस? लाकडाचे ठोकळे लावतत. जॅक सरकलो असतो तर रिपोर्ट कोण लिवतलो?

माफीचं काय करायचं ते माझं मला कळत नाय. मी इकडे पंप दुरुस्त करतो, पोट भरतं. मला झोप लागते. पण दीप्तीला शाळेत डुप्लिकेटची पोर म्हणायचे, दहा वर्षांची होती. ती आता कुडाळात शाळेवर शिकवते. तिची माफी तिच्याकडे माग, मी तिच्यातर्फे काय सांगूचा नाय.

कुणाला काय फरक पडतो असं जावई म्हणाला. त्याला सांग, माका पडता.

रिपोर्टात नाव घाल. नंदू नको. बापाच्या नावासकट पुरं घाल. बाबा गिरणीत होते, माझ्या नावामागे त्यांचं नाव चौकीच्या वहीत लागलं, ते तेवढंच त्यांना शेवटपर्यंत टोचलं.

आणि माझो आठ परत कर. पंचवीस वर्षां झाली.

नंदू


मुलुंड पूर्व
२७ फेब्रुवारी २०२५

नंदू,

ठोकळे लावले. बॅटरी उचलली. चाळण झाली आहे, त्यातून खालची फरशी दिसते.

रिपोर्ट केला. एक प्रत चैतन्यला दिली, एक मिहिरला, एक रजिस्टर पोस्टाने त्या पोलीस ठाण्याला. रविवारी जुन्या गाड्यांवाले सगळे जमतात तिथे उभं राहून वाचून दाखवला, सफारी आणि मठ्ठ्यासकट. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. एकजण म्हणाला, "काका, मग माझ्या गाडीखाली तरी झोपला होतात का?" मी म्हटलं, तुझ्या झोपलो होतो. त्याचा विश्वास बसला नाही आणि त्यात त्याची चूक नाही. त्यानंतर गाडी बघायला बोलावणं आलेलं नाही. मिहिर फुगलाय, बोलत नाही. गंधाली म्हणते, बोलेल.

दीप्तीला वेगळं लिहिलंय. तिचं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नाही, असं लिहिणार होतो, पण बघतो.

रिपोर्टातला तुझा भाग खाली उतरवून देतो, चूक असेल तर कळव.

"चेसिसचा पुढचा डावा तुकडा खाऱ्या हवेने सडल्याने सन २०००मध्ये परिवहन कार्यालयाच्या परवानगीने बदललेला आहे. जोडकाम उत्तम. नंबर त्याच वेळी निरीक्षकासमोर पुन्हा ठोकलेला असून परवानगीची पट्टी जागेवर आहे. काम करणारे कारागीर : नंदकुमार धोंडू मेस्त्री, भांडुप. नंबर डुप्लिकेट नाही. डिसेंबर २००२चा माझा रिपोर्ट खोटा आहे. तेव्हा मी गाडीखाली पाहिले नव्हते व पाहिले असे पोलिसांना खोटे सांगितले होते. आज खाली झोपून पाहिले."

आता पंचाचं. तुझं पत्र नीलाने वाचलं. आत गेली आणि स्वयंपाकघराच्या खणातून तो काढून माझ्या हातावर ठेवला. तिला वाटलं होतं, मीच कुठून तरी आणलेला लोखंडाचा तुकडा आहे. इतकी वर्षं ती त्याने चहाची वेलची कुटते. म्हणजे मी तो रोज सकाळी ठक ठक ऐकत होतो.

सोबत पाठवतोय, कापडात गुंडाळून. आकडा अजून धारदार आहे, एका ताटावर ठोकून बघितला. वेलचीचा वास तेवढा येतो. दोनदा साबणाने घासला, गेला नाही.

मधुकर